आठव्या शरदातले पाहुणे

मिझोनो गाव, यात्सुगाताके डोंगराचा पायथा
२२ ऑगस्ट १९८४

आदरणीय फुमिएबाई,

नागोयात अजून घामाच्या धारा लागल्या असतील. आमच्याकडे पहाटे जाड रजई लागते, आणि धुकं इतकं उतरतं की माझा इसामु लेट्यूसच्या शेतात शिरला की दिसेनासाच होतो, नुसता खोकला ऐकू येतो.

पुजाऱ्यांनी दिवस काढून दिला आहे. ७ ऑक्टोबर, रविवार. तोवर लेट्यूसची शेवटची गाडी बाजारात गेलेली असेल आणि गाव मोकळं असेल. लग्न देवळात, जेवण आमच्या घरी. तुमची चिगुसा शाळेची सहल घेऊन इथे काय येते, पोरं मोजता मोजता माझ्या मुलाच्या ट्रॅक्टरसमोर काय उभी राहते, मला अजून खरं वाटत नाही. याआधी तीन स्थळं आमचा उंबरा बघून परत गेली. कुणाला थंडी नको होती, कुणाला एकांत. मी आशाच सोडली होती, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

सध्या घराची साफसफाई काढली आहे. चटया उन्हात बडवून झाल्या, सरकत्या दारांना नवे कागद लावले. आता फटी बुजवतेय, कारण गारवा सुटला की माणसांच्या आधी किड्यांनाच ऊब हवी असते. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या असत्या तर चुलाण्यापाशी बसून माझ्या शंभर चुका काढल्या असत्या.

तुमची होणारी विहीण,
किनुए

नागोया
१ सप्टेंबर १९८४

आदरणीय किनुएबाई,

पत्र पोचलं. तारीख मान्य आहे. चिगुसाचा पांढरा किमोनो मीच शिवते आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींचे शिवले, आता हिचा शिवताना टाके वाकडे पडतात.

एक गोष्ट स्पष्ट विचारते. किड्यांना ऊब हवी असते, असं तुम्ही लिहिलंत. ते पत्र मी चिगुसाला दाखवलं नाही. लहानपणी झुरळ दिसलं की ही मुलगी जेवणाच्या टेबलावर चढून बसायची, आणि तिचे वडील वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन लढाईला निघायचे. चार वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून झुरळं मी मारते.

घरात आम्ही दोघीच आहोत. राग मानू नका, पण तुमचं घर पाहून तिचं मन कचरलं, तर मी तिला त्याच पावली परत आणीन. हे आधीच सांगितलेलं बरं. सोबत किडे मारायचे धुराचे डबे पाठवते आहे. आमच्याकडे दर हंगामात सगळे लावतात.

फुमिए

मिझोनो
१२ सप्टेंबर १९८४

आदरणीय फुमिएबाई,

डबे मिळाले. रुखवतात धुराचे डबे आलेली या खोऱ्यातली मी पहिलीच सासू! शेजारणींना दाखवून आले.

किड्यांचं विचारलंत ना, मग ऐकाच. ऑक्टोबरात हिरवे, वास मारणारे किडे रजयांच्या घड्यांत शिरतात. त्यांना आम्ही 'राजकन्या' म्हणतो. "चला हो राजकन्ये, बाहेर चला," असं गोड बोलत चिकटपट्टीवर उचललं की त्या वास सोडत नाहीत. दरडावलं की संपलंच, तीन दिवस रजईत झोपायची सोय नाही. लाल ठिपक्यांचे बारके भुंगे खिडकीच्या चौकटीत एकमेकांना बिलगून झोपतात आणि खिडकी सरकवली की ओंजळभर मणी सांडावेत तसे सांडतात. न्हाणीघरात लांब तंगड्यांचे टोळ असतात, ते फक्त दचकवतात. चिगुसाला मी महिन्याभरात तयार करीन. इसामुही सहा वर्षांचा होईस्तोवर राजकन्यांना घाबरायचा. हे मी सांगितलं म्हणून त्याला सांगू नका.

किनुए

ता. क. हे पत्र दोन दिवस टपालात टाकायचं राहिलं. एक विनंती आहे. लग्न नोव्हेंबरच्या शेवटी ठेवता येईल का? मुळ्याचं लोणचं तोवर चांगलं मुरेल. शिवाय वरच्या जंगलात जरा ओल आहे.

नागोया
२० सप्टेंबर १९८४

किनुएबाई,

पत्रिका गेल्या आहेत. चिगुसाने शाळेतल्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. आणि तुम्ही मुळ्याच्या लोणच्यासाठी लग्न पुढे ढकलता?

मी शिवणकाम करणारी बाई आहे, पण उसवण कुठून सुरू होते ते मला दिसतं. माझ्या मागच्या पत्राचा तुम्हाला राग आला असेल, किंवा तुमच्या मुलाचं मन बदललं असेल. काही असो. आम्ही सहा तारखेला निघून खालच्या गावात मुक्काम करू आणि सातला सकाळच्या गाडीने वर येऊ. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा.

फुमिए

मिझोनो
४ ऑक्टोबर १९८४

फुमिएबाई,

आता खरं तेच लिहिते. फोनवर सांगणार होते, पण तुमचा आवाज ऐकला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. परवा मी लोणच्यावर इतकं बोलले की तुम्हीच म्हणालात, "किनुएबाई, ठेवू का आता?"

इसामुचं मन बदललेलं नाही. तो रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघत बसतो. अडचण वेगळी आहे. वरच्या लार्च झाडांच्या जंगलात वाणी किडे वर आलेत. तेच, शंभर पायांचे, हात लावला की वेटोळं करून पडणारे. आमचे केशरी असतात, अंगावर काळे पट्टे. एकदोन असते तर मी तुम्हाला कळूही दिलं नसतं. पण इथे जमीन दिसत नाही. झाडांची मुळं, दगड, वाट, सगळं हलतंय.

ते आठ वर्षांतून एकदा येतात. अंड्यातून निघाले की सात वर्षं मातीखाली राहतात, दर साली एकदा कात टाकतात, तसूतसूने वाढतात, आणि आठव्या शरदात सगळेच्या सगळे एकदम वर येतात. त्यांना कोण सांगत असेल हो? तिथे ना दिवस ना रात्र. लग्न होऊन आल्यापासून ही माझी पाचवी खेप. काल त्यांच्यात जाऊन उभी राहिले. आकाश निरभ्र होतं आणि पाचोळ्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज सगळीकडून येत होता. माझे हात आपोआप जोडले गेले. देवळात येतो तसला काटा अंगावर आला.

त्यांच्या वर्षांची मोजदाद सासूबाई ठेवायच्या. "पुढच्या शरदात पाहुणे आहेत," असं त्या आधीच सांगायच्या आणि त्या साली गावात कुणी कार्य काढायचं नाही. सगळं गाव त्यांच्या भरवशावर होतं. पुजारी नवे आहेत. आणि मी! मी फक्त लेट्यूसची तोडणी बघून तारखेला हो म्हटलं.

सासूबाईंची रीत अशी. भिंतीच्या कडेने चुना आणि राख टाकायची, तिरपे पत्रे लावायचे, संध्याकाळी दिवे मंद ठेवायचे. चिरडायचं नाही, गरम पाणी ओतायचं नाही. आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत घरातून जी मातीची वाट जाते, तिची दोन्ही दारं सताड उघडी टाकायची. जंगलातून निघतात आणि घरातून पलीकडच्या उतरणीला जातात. "ते आपल्या घरात येत नाहीत गं, आपणच त्यांच्या वाटेवर घर बांधलंय," असं त्या म्हणायच्या.

पण लग्नघरात, तुमच्यासमोर, किड्यांना वाट द्यायची? या वेळी मी दोन्ही दारं बंद करणार आहे. फटीत चिंध्या कोंबल्यात, चुना दुप्पट आणलाय, तुमचे डबेही लावीन.

हे वाचून तुम्ही आला नाहीत तरी मी समजून घेईन. इसामुला काय सांगायचं तेवढं मात्र कळत नाही.

किनुए

नागोया
११ ऑक्टोबर १९८४

किनुएबाई,

काल रात्री घरी पोचले. दाराच्या पेटीत तुमचं चार तारखेचं पत्र पडलं होतं. बूट न काढताच उभ्याने वाचलं. म्हणजे तुम्हाला वाटत होतं आम्ही सगळं जाणून येतोय, आणि आम्ही मात्र काहीच माहीत नसताना आलो!

आम्ही वर पोचण्याआधी काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. सकाळची ती दोन डब्यांची गाडी चढणीच्या वळणावर आली आणि थांबली. चाकं फिरत होती, गाडी हलत नव्हती. मग जर्दाळूच्या बियांसारखा कडवट वास आत आला. चालक खाली उतरला, रुळांवर वाळू टाकायला लागला. मी खिडकीतून वाकून पाहिलं आणि पाहतच राहिले. रूळ केशरी झाले होते. समोर बसलेले एक म्हातारे गृहस्थ शांतपणे संत्रं सोलत म्हणाले, "आठवं वर्ष वाटतं. मी पण विसरलोच होतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुमचं लोणचं, तुमची ओल, सगळं लख्ख कळलं. फसवलं मला, असं वाटलं. आता एक सांगते. माझ्या पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती, एक माझं आणि एक चिगुसाचं. नागोयालाच काढली होती. शेजारी बसलेल्या मुलीला पत्ता नव्हता. मी पर्स घट्ट धरली आणि म्हटलं, "चिगुसा, इथूनच परत जाऊ या." ती म्हणाली, "आई, इसामु येतोय बघ." तो शेताच्या बांधावरून ट्रॅक्टर घेऊन येत होता, मागच्या ट्रॉलीत लेट्यूसचे रिकामे खोके उपडे घालून. त्या खोक्यावर बसून माझी मुलगी सासरी आली.

पुढचं तुम्ही पाहिलंतच, पण माझ्या जागेवरून नाही पाहिलंत. दोन्ही दारं उघडी होती. घराच्या पोटातून ते वाहत होते, पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर, कडेच्या चुन्याला न शिवता. तुम्ही हातात झाडू घेऊन कोपऱ्यात उभ्या होतात, चेहरा पडलेला. मी चिगुसाकडे पाहिलं. ती आता किंचाळेल, म्हणून मी हात पुढे केला होता. ती उंबऱ्यापाशी उकिडवी बसली आणि तुम्हाला विचारलं, "कुठे निघालेत एवढे सगळे?"

तुम्ही म्हणालात, "लग्नाला."

"कुणाच्या?"

"स्वतःच्याच. तेवढ्यासाठीच वर येतात."

ती हसली. म्हणाली, "मग यांची वरात आधी जाऊ दे. आपली मागाहून."

आणि ती टेबलावर चढणारी मुलगी तुमच्या वळचणीखाली मान खाली घालून थांबून राहिली, ऊन वर येऊन ते विरळ होईपर्यंत. तेव्हाच मला कळलं की ही आता माझ्याबरोबर परत येत नाही. मला रडू आलं, ते तुम्ही पाहिलंत आणि डब्यांच्या धुराने झालं असेल म्हणून पाणी आणलंत. धुराने नव्हतं हो. मी मनात हिशेब करत होते. हे जीव अंड्यातून बाहेर पडले तेव्हा आमचे हे हयात होते. वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन घरभर धावत होते. त्या वर्षापासून हे किडे मातीखाली चालत आलेत, आणि पोचले ते नेमके माझ्या मुलीच्या लग्नाला. मला त्यांच्यापुढे वाकावंसं वाटलं. वाकलेही असेन, आठवत नाही.

तिच्या नावाचं तिकीट मी पर्समध्येच चुरगाळलं. परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती.

फुमिए

मिझोनो
२१ ऑक्टोबर १९८४

फुमिएबाई,

तुमचं पत्र मी एकटीने वाचलं, मग इसामुच्या बाबांच्या तसबिरीला वाचून दाखवलं.

आता माझी बाजू ऐका. त्या सकाळी माझी दारं बंद होती. फटीत चिंध्या, बाहेर चुना, आणि आत तुमचे डबे धुमसत होते. त्या धुराने आम्हीच खोकत बाहेर पडलो. पाहुणे पुढच्या दारापाशी थांबले आणि एकावर एक चढायला लागले. उंबरा झाकला, कडी झाकली, मग ते भिंतीने वर निघाले, छपराच्या फटीतून आत शिरून मेजवानीच्या ताटांवर पडायला लागले. नवरीच्या पांढऱ्या टोपड्याच्या खोक्यावर पडले. मी झाडत होते, पत्रा बडवत होते आणि ओरडत होते, "आज नको! आजच्या दिवस नको!" शेवटी पायरीवर बसकण मारली. तेव्हा इसामु आला. "आई, आजी काय सांगायची?" एवढंच म्हणाला आणि पुढची, मागची, दोन्ही दारं चौकटीतून उचलून अंगणात ठेवली.

फुमिएबाई, सगळं शांत झालं. भिंतीवरचे उतरले, छपरातले उतरले, आणि वाट धरून चालायला लागले. हजारोंनी असतील, लाखोंनी असतील, पण धक्काबुक्की नाही, गडबड नाही. मी चार वेळा हे पाहिलं होतं, पण वाट अडवून मग सोडलेली कधी पाहिली नव्हती. धरण फोडावं तसं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांना फक्त पलीकडे जायचं होतं. मग इसामु ट्रॅक्टर घेऊन तुम्हाला आणायला गेला आणि मी झाडू घेऊन कोपऱ्यात उभी राहिले, कारण तुम्हाला तोंड कसं दाखवू ते सुचत नव्हतं.

चिगुसा मजेत आहे. काल पहिली राजकन्या पकडली. "अहो राजकन्ये, तुमचं सामान इथे राहिलं का?" असं काहीतरी बोलत होती. माझ्याहून गोड बोलते.

तुमच्या शेजारची जागा रिकामी होती, हे वाचून जेवण अर्धवट टाकून लिहायला बसले. आमच्या घरात तुमच्यापुरती एक खोली आहे. विचार करा.

किनुए

मिझोनो
२५ ऑगस्ट १९८५

फुमिएबाई,

या उन्हाळ्यात पाहुणे गेले. जंगलात अंडी घातली आणि तिथेच मेले. पाचोळ्यात त्यांची पांढरी कवचं पडली आहेत, पायाखाली चुरचुरतात. जिथे ते चरले तिथली माती काळी भुसभुशीत झाली आहे, नुसता हात घातला तरी कोपरापर्यंत जातो. सात वर्षं खाऊन आणि एक शरद चालून त्यांनी अख्खं जंगल नांगरून ठेवलं, आणि आम्ही स्वतःला शेतकरी म्हणवतो!

चिगुसाचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाला तुम्ही याच. आणि आलात की राहा.

किनुए

नागोया
३ सप्टेंबर १९८५

किनुएबाई,

बाळंतपणाला येते, आणि महिन्याभराने परत जाते. लेकीच्या सासरी मुक्काम ठोकणारी आई व्हायची माझी तयारी नाही. इथे माझी गिऱ्हाइकं आहेत, यांची तसबीर आहे. आणि उद्या तुम्हालाच वाटेल, ही बया जाते कधी? तुम्हाला वाटण्याआधी मलाच वाटेल. पुन्हा विचारू नका.

फुमिए

मिझोनो
९ सप्टेंबर १९९२

अगं विहीणबाई,

अक्षर चिगुसाचं आहे, बोलणं माझं. माझा हात आता थरथरतो. हिला सांगितलंय, मी बोलेन तेच लिही, मध्ये मध्ये आपलं घुसडू नकोस. (आई, मी काही घुसडत नाहीये.)

पुन्हा विचारू नका असं तू लिहिलंस, म्हणून सात वर्षं विचारलं नाही. दर उन्हाळ्यात येतेस, चौथ्या दिवशी पिशवी भरतेस. त्या खोलीत आम्ही बटाटेसुद्धा ठेवलेले नाहीत.

आज आपली नात मिओ जंगलातून धावत आली. तळहातावर एक केशरी पाहुणा, वेटोळं करून पडलेला. "आजी, हा माझ्याएवढा आहे का?" मी म्हटलं, "हो, तुझ्याच वर्षीचा." फुमिए, मी बोलून गेले आणि मग बोटांवर वर्षं मोजली. ही पोर खोलीत जन्मली त्या दिवसांत ते बाहेर मातीत अंड्यातून निघाले होते. ही रांगली, ते रांगले. हिचे दात पडले, त्यांनी कात टाकली. एका छपराखाली म्हण की एका डोंगरावर म्हण, हे दोघं बरोबर वाढत होते आणि आपल्याला ठाऊकही नव्हतं. ती तळहात हलवत नव्हती. थोड्या वेळाने त्याने वेटोळं सोडलं आणि तिच्या बोटावरून चालायला लागला. मिओ श्वास धरून उभी होती, आणि मीही.

यंदा तारखेत चूक नाही. मोजदाद आता चिगुसा ठेवते, सगळं गाव हिला विचारायला येतं. चुना आणलाय. महिन्याभरात ते निघतील. मागच्या खेपेला तू उंबऱ्याच्या बाहेर उभी होतीस. या खेपेला आत बसून बघ, माझ्या शेजारी. त्यापुढची खेप मला मिळेल असं काही माझे गुडघे म्हणत नाहीत.

पाहुणे आले तर त्यांना वाट देतो, तुला देणार नाही का?

किनुए

नागोया
१६ सप्टेंबर १९९२

किनुए,

तुझं पत्र यांच्या तसबिरीसमोर मोठ्याने वाचलं. मग तसबीर भिंतीवरून काढली आणि मऊ कापडात गुंडाळली. सुईत दोरा ओवायला हल्ली मला शेजारणीला हाक मारावी लागते. गिऱ्हाइकं तर केव्हाचीच दुकानातून तयार घेतात. हे मी तुम्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

मी आले तर तुझी वाट अडवून बसेन असं मला वाटायचं. आता वाटतं, स्वतःचीच अडवली होती. पाहुण्यांबद्दल तू लिहिलं होतंस तसं, फक्त पलीकडे जायचं होतं.

मिओला सांग, जंगलातल्या ओल्या पाचोळ्यावर धावताना घसरशील. आणि सांग, मला पण तो पाहुणा तळहातावर घ्यायचा आहे. भीती वाटेल, पण घेईन.

शनिवारच्या सकाळच्या गाडीने येते. रुळांवर ते उतरायच्या आत पोचलं पाहिजे. इसामुला म्हणावं ट्रॅक्टर आण, खोके उपडे घालून. सामान थोडंच आहे, शिवणाची पेटी आणि ही तसबीर.

तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलाने दोनदा विचारलं, "परतीचं?" मी म्हटलं, नको, जायचं तेवढंच दे.

फुमिए